धुईचे पाणी घराच्या भिंतींवरून आणि पत्र्यांवरून पिण्यासाठी धरता येईल का?

माळमाथा

नमस्कार. साक्री तालुक्यातील माळमाथा भागात आमचे गाव आहे. मार्च उलटला की विहिरीचा तळ दिसू लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. यंदा मळ्यात नवे घर बांधायला काढले असून काम जोत्यापर्यंत आले आहे. भिंती आणि छप्पर अजून उभे राहायचे असल्यामुळे जे काही बदल करायचे ते आत्ताच करता येतील, म्हणून हा प्रश्न विचारतो आहे.

गेल्या मार्गशीर्षात पाच-सहा वेळा दाट धुई पडली. हरभऱ्याचे घाटे आणि तुरीचा फुलोरा यांचे काय होईल या काळजीने पहाटे मळ्यात गेलो, तेव्हा गोठ्याच्या पत्र्याच्या खालच्या कडेवरून थेंब गळताना दिसले. पत्र्याच्या प्रत्येक खोलगट नळीच्या टोकाखाली मातीत एकेक लहान खळगी पडली होती, जशी पहिल्या पावसात पडते. मी एक घमेले लावले आणि उरलेले पाणी जुन्या धोतराच्या फडक्याने टिपून त्यात पिळले. ते पाहून आजी म्हणाली, ‘पत्रा पुसीसन इहीर भराई जाई का रे भाऊ?’ तिचे म्हणणे खरे असेलही. परंतु चिली आणि मोरोक्को या देशांत डोंगरावर जाळ्या लावून धुक्याचे पाणी गावांना पुरवले गेले, असे वाचनात आल्यापासून हा विचार डोक्यातून जात नाही.

माझ्या मनात असे आहे की घराची पश्चिमेची उंच भिंत गुळगुळीत ठेवून तिच्या पायथ्याशी पन्हाळ बसवावी, गच्चीच्या कठड्यावर शेडनेट ताणावे आणि दोन्हींचे पाणी एका टाकीत घ्यावे. आमच्या माळावर वाऱ्याला तोटा नाही. ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. घरात पाच माणसे आहेत. निदान पिण्यापुरते पाणी यातून निघेल काय, आणि ते पिण्याजोगे असेल काय, हे जाणकारांनी सांगावे.

तापीकाठ

भाऊ, मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. आता निवृत्त आहे. आपण घमेले लावून पाहिलेत हे फार चांगले केले, कारण या विषयावर बोलणारे पुष्कळ असतात आणि मोजणारे थोडे. मात्र आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ.

धुई म्हणजे हवेत आधीच तयार झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यांचा व्यास साधारणपणे एक ते चाळीस मायक्रॉन असतो, म्हणजे बहुतेक थेंब आपल्या केसाच्या जाडीहूनही बारीक. ते इतके हलके असतात की आपणहून खाली पडत नाहीत, त्यामुळे त्यांना अडवावे लागते. दहिवराचे तसे नाही. रात्री निरभ्र आकाशाखाली पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकतो, आसपासच्या हवेहून थंड होतो, आणि त्याला लागलेल्या हवेतील न दिसणारी वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. गोठ्याच्या पत्र्यावरून आपल्या घमेल्यात आलेले पाणी माझ्या अंदाजाने मुख्यतः दहिवराचे होते. धुई त्या पहाटे सोबतीला होती, इतकेच.

आता भिंतीचा विचार करू. धुक्याने भरलेली हवा भिंतीकडे आली की भिंतीत शिरू शकत नाही, म्हणून ती अलीकडेच वळते आणि बाजूने व वरून निघून जाते. थेंब हलके असल्यामुळे तेही हवेबरोबर वळतात. पांझरेच्या पात्रात मोठा खडक असला तर वाहत आलेला पालापाचोळा खडकाला न लागता कडेने निघून जातो, पण तिथेच बाभळीची काटेरी फांदी अडकलेली असली तर तिला सगळा कचरा लटकतो, हे आपण पाहिले असेल. चिलीतील जाळीचे तत्त्व त्या फांदीचे आहे. धागा बारीक असला की हवा त्याच्या अगदी जवळून वळते, थेंबाला तेवढ्या आखूड वळणात वळता येत नाही आणि तो धाग्यावर आदळतो. म्हणून सपाट भिंत कितीही मोठी आणि गुळगुळीत असली तरी धुक्यासाठी ती वाईट सापळा आहे. भिंतीचा भाग ओला दिसतो तो बहुधा कडांना आणि कोपऱ्यांना.

दहिवरासाठीही भिंत कामाची नाही. उभ्या भिंतीला अर्धेच आकाश दिसते, उरलेली अर्धी बाजू जमिनीकडे आणि झाडांकडे तोंड करून असते. शिवाय विटा आणि दगड दिवसभराची ऊब रात्रभर सांभाळतात. आपल्याकडची धाब्याची घरे थंडीत उबदार असतात ती याच गुणामुळे. हा धडा फ्रान्समध्ये चांगलाच महाग पडला होता. आशील क्नापेन नावाच्या बेल्जियन अभियंत्याने 1930-31 मध्ये त्राँ-आँ-प्रोव्हाँस येथे हवेतील पाणी धरण्यासाठी सुमारे 14 मीटर उंचीचा दगडी बुरूज बांधला. भिंती जवळजवळ तीन मीटर जाड होत्या. एवढे वस्तुमान रात्रीतून थंडच होईना, त्यामुळे हाती आलेले पाणी नगण्य होते. बुरूज अजून उभा आहे, लोक पाहायला जातात.

जाळीचा हिशेब आता आकड्यांत मांडतो. मध्यम धुक्याच्या एका घनमीटर हवेत सुमारे 0.2 ग्रॅम पाणी असते असे धरू. वारा सेकंदाला 4 मीटर असेल तर एक चौरस मीटर जाळीतून तासाला जवळपास 2.9 लिटर पाणी जाते. साधी जाळी त्यातले पाचवा हिस्सा धरते असे मानले तरी अर्धा लिटरच्या वर मिळते. हाच वारा अर्ध्या मीटरवर आला की तासाला जाळीसमोरून जाणारे पाणीच 360 ग्रॅम होते. त्यातला पाचवा हिस्सा म्हणजे 72 ग्रॅम. प्रत्यक्षात तेवढेही येत नाही, कारण मंद हवेत थेंबांना धाग्यावर आदळण्याइतका जोरच नसतो, आणि जे येते ते धागे ओले करण्यातच संपते.

खान्देशच्या सपाटीवरची हिवाळी धुई ही रात्री जमीन थंड होऊन, स्थिर हवेत, ओलिताच्या शेतांवर आणि नदीकाठी तयार होणारी धुई आहे. वारा सुटला की ती विरते. चिलीच्या किनाऱ्यावरचे धुके म्हणजे समुद्रावरून वाऱ्याने ढकलत आणलेला आणि डोंगरावर आपटणारा ढग. तेथील एल तोफोच्या डोंगरावर प्रत्येकी 48 चौरस मीटरच्या जाळ्या होत्या, चौरस मीटरमागे दिवसाला सरासरी तीन लिटरच्या आसपास पाणी येई, आणि 1992 पासून नळाने ते खालच्या चुंगुंगो गावातील तीनशेहून अधिक माणसांना मिळू लागले. आपल्या पवनचक्क्यांचा मुद्दा चांगला आहे, म्हणून त्याच्याच आधारे एक साधी परीक्षा सुचवतो. पुढच्या वेळी धुई पडेल तेव्हा पाती फिरत आहेत की उभी आहेत, एवढे पाहून ठेवा.

केळीचा मळा

सरांनी सांगितले ते मी पैसे घालवून शिकलो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आमचे घर यावल तालुक्यात. रोपवाटिकेतून उरलेले 50 टक्के सावलीचे हिरवे शेडनेट मी दोन वर्षांपूर्वी गच्चीवर लोखंडी पाइपांना ताणून बांधले आणि खाली पीव्हीसीचा पाइप मधोमध चिरून त्याचे पन्हाळ केले. धुईच्या पहाटे नेटच्या प्रत्येक घरात थेंब चमकत असत आणि दृश्य मोठे देखणे दिसे. मुलांनी त्याचे फोटोही काढले. पण पन्हाळीतून तांब्याभर पाणीसुद्धा एका वेळी मिळाले नाही. जे मिळाले त्याला प्लास्टिकचा आणि धुळीचा वास होता. पुढे वैशाखातल्या वादळात नेट शिडासारखे फुगले, दोन पाइप वाकले आणि एकाने शेजारच्या टाकीचे झाकण फोडले. ते झाकण मी भरून दिले.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. चिलीत वापरली ती जाळी काही निराळी नाही. ती रॅशेल विणीची 35 टक्के सावलीची जाळी असून दुहेरी लावलेली असते. म्हणजे आपल्या दुकानांत मिळते त्याच जातीचा माल. वस्तू आपल्याकडे आहे, धुके नाही.

माळमाथा

सरांच्या सांगण्याप्रमाणे लक्ष ठेवले. परवा आणि काल अशी दोन दिवस धुई होती. आधी तर पवनचक्क्याच दिसत नव्हत्या, त्यामुळे उत्तर मिळायला ऊन वर यावे लागले. साडेआठच्या सुमारास धुई उचलू लागली आणि टेकडीवरची पहिली पाती दिसली तेव्हा ती उभी होती. दहा वाजता आकाश स्वच्छ झाले आणि त्यानंतर ती फिरू लागली. दोन्ही दिवस असेच. चुलीचा धूरही त्या वेळी सरळ वर चढत होता, हे त्याआधीच लक्षात यायला हवे होते. भिंत आणि कठड्यावरचे शेडनेट हे दोन्ही बेत मी सोडून दिले आहेत.

राहिले छप्पर. तसेही स्लॅब करावा की पत्रे टाकावेत हे ठरायचे आहे. दहिवर जास्तीत जास्त मिळावे असे छप्पर कसे असते, आणि ते किती पाणी देईल?

तापीकाठ

दहिवराला निसर्गानेच वरची मर्यादा घालून दिली आहे. निरभ्र रात्री एक चौरस मीटर पृष्ठभाग आकाशाकडे साठ ते शंभर वॅटच्या आसपास उष्णता टाकतो, आणि एक किलो वाफेचे पाणी होताना जवळपास 25 लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते, जी पत्र्याला पुन्हा तापवते. हा जमाखर्च मांडला की अत्यंत अनुकूल रात्रीही चौरस मीटरमागे सुमारे 0.8 लिटरच्या वर पाणी मिळत नाही. व्यवहारात त्याचा लहानसा हिस्साच हाती येतो.

आपल्या देशात या विषयावर मन लावून काम झाले ते कच्छमध्ये. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापक गिरीश शरण यांनी तेथील कोठारा गावी पत्र्याच्या छपरावर जमणारे पाणी पाहिले आणि पुढे छपरांवर व जमिनीवर दहिवराची केंद्रे उभी केली. परंतु कच्छला समुद्र जवळ आहे आणि रात्रीची हवा दमट असते. आपण समुद्रापासून बरेच आत आहोत.

छपरासंबंधी चार गोष्टी सांगतो. नवा चकचकीत जस्ती पत्रा उष्णता फेकण्यात कंजूष असतो. तोच पत्रा पांढऱ्या रंगाने रंगवला की रात्री अधिक थंड होतो. पत्र्याखालून घराची ऊब वर येऊ नये म्हणून खाली थर्माकोलसारखा थर हवा, नाहीतर चुलीवरचा पत्रा कोरडा आणि पडवीवरचा ओला असे दिसते. उतार सुमारे 30 अंशांचा असावा. त्याहून सपाट असेल तर थेंब ओघळत नाहीत आणि फार उभा केला तर आकाश कमी दिसते. आणि सूर्य वर येण्याआधी रबरी पट्टीच्या वायपरने पत्रा खाली निपटून घ्यावा, कारण बारीक थेंब पत्र्याला चिकटून राहतात आणि आपण चहा घेईपर्यंत उडून जातात. आपण धोतराचे फडके वापरलेत ते शास्त्राला धरूनच होते, आजींना सांगायला हरकत नाही. सिमेंटचे जुने पत्रे मात्र या कामाला घेऊ नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असते.

आता आजींची बाजू. 40 चौरस मीटर छप्पर आणि चांगल्या रात्री चौरस मीटरमागे 0.1 लिटर धरले तर एका पहाटेला चार लिटर होतात. हंगामात अशा 40 रात्री मिळाल्या असे समजू, एकूण 160 लिटर. ते मिळणार मार्गशीर्ष-पौषात, जेव्हा आपल्या विहिरीला पाणी असते. चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी असते की पत्रा कितीही थंड झाला तरी दहिवर पडत नाही.

त्याच पत्र्याचा दुसरा हिशेब करून पाहा. पाच माणसांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकातल्या थोड्या वापरासाठी माणशी चार लिटरप्रमाणे दिवसाला 20 लिटर लागतात. टंचाईचे 120 दिवस धरले तर 2400 लिटर. पाऊस 600 मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला असे मानले तरी एवढे पाणी फक्त पाच चौरस मीटर छप्पर देते. पाच चौरस मीटर म्हणजे ओट्यावरची पडवी. पाऊस निम्मा झाला तर दहा चौरस मीटर लागतील, एवढाच फरक. ज्या पन्हाळीतून दहिवर येणार आहे तिलाच आषाढाचे पाणी द्या आणि टाकी तीन हजार लिटरची बांधा. दहिवर हे त्या टाकीत पडणारे वरकड पाणी समजा.

अक्राणीचा वाटसरू

तापीकाठ सरांचा हिशेब सपाटीपुरता मला मान्य आहे. पण केळीच्या मळ्याचे ‘वस्तू आपल्याकडे आहे, धुके नाही’ हे वाक्य मान्य नाही. मी अक्राणी तालुक्यातील आश्रमशाळेत काम करतो. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून 1100 मीटरहून उंच आहे. तेथे श्रावण-भाद्रपदात येते ते धुके जमिनीवर बसलेले नसते. खालच्या दऱ्यांतून वाऱ्याबरोबर चढून येणारा तो ढगच असतो. सीताखाईच्या कड्याजवळ उभे राहिले तर तो अंगावर येताना दिसतो आणि पाच मिनिटांत भुवया ओल्या होतात. तेथील झाडाखालची जमीन पाऊस नसतानाही ओली असते, कारण पानांनी आणि शेवाळाने ढग गाळलेला असतो. हिवाळ्यात त्या पट्ट्यात आणि अक्कलकुव्याच्या डाब परिसरात दहिवर गोठून गवत पांढरे होते, हे तर दरवर्षी बातम्यांत येते.

पावसाळ्यात पाऊसच असताना धुके कशाला धरायचे, असे सर म्हणतील. त्यांचे बरोबर आहे. माझा मुद्दा उंचीचा आहे. डोंगरउतारावरच्या पाड्यांत झरा खाली असतो आणि घर वर. बायका डोक्यावर दोन हंडे घेऊन चढतात. वर मिळालेले वीस लिटर आणि खाली मिळालेले वीस लिटर यांची किंमत एक नसते, आणि लिटरच्या कोणत्याही कोष्टकात हा फरक दिसत नाही. पावसाची उघडीप असते पण ढग टेकलेला असतो असे दिवस भाद्रपदात पुष्कळ असतात; तेव्हा शाळेच्या पत्र्याच्या वाऱ्याकडील कडेला उभी जाळी लावली तर निदान पहिल्या सत्राचे पिण्याचे पाणी निघेल, असे मला वाटते.

तापीकाठ

वाटसरू भाऊ, आपले म्हणणे मी स्वीकारतो, माझा हिशेब सपाटीपुरताच होता, डोंगराचा विचार मी केला नव्हता. आपल्याकडे वाहणारे धुके असेल तर आधी एक चौरस मीटरचीच चौकट करा: दुहेरी 35 टक्के जाळी, जमिनीपासून दोन मीटर वर, तोंड वाऱ्याकडे, खाली पन्हाळ आणि मोजपट्टी लावलेला डबा. जगभर हेच प्रमाण वापरतात, म्हणून आपले आकडे इतर ठिकाणांशी ताडून पाहता येतील. शेजारी पर्जन्यमापक ठेवा, नाहीतर पाऊस कोणता आणि धुके कोणते हे कळणार नाही. एक वर्ष मोजल्याखेरीज मोठी जाळी उभारू नका. आणि दुरुस्ती कोण करणार ते आधीच ठरवा. चुंगुंगोच्या जाळ्या तंत्र चुकल्यामुळे बंद पडल्या नाहीत. पुढे फाटलेल्या जाळ्या शिवायला आणि नळ सांभाळायला कोणी उरले नाही. मोरोक्कोत बुतमेझगिदा डोंगरावर ‘दार सी हमाद’ या संस्थेने जोराच्या वाऱ्यात टिकणाऱ्या जाळ्या लावल्या आणि त्यांच्या देखभालीला माणसे ठेवली.

पाणीतपासणी

मी पाणी तपासणीच्या कामात आहे. मूळ प्रश्नातील ‘पिण्याजोगे असेल काय’ याचे उत्तर अजून आलेले नाही, म्हणून लिहिते.

धुक्याचे किंवा दहिवराचे पाणी जन्मतः शुद्ध असते हा समज पहिल्या थेंबापुरताच खरा आहे. धुक्याचा थेंब हवेतील धूळ, धूर आणि फवारणीचे अंश आपल्यात ओढून घेतो आणि लहान असल्यामुळे ते त्यात दाट होतात. कॅलिफोर्नियातील शेतीपट्ट्यात धुक्याच्या पाण्यात कीटकनाशके सापडल्याचा अभ्यास 1987 मध्येच प्रसिद्ध झाला होता. आपल्याकडे ज्या दिवसांत दहिवर पडते त्याच दिवसांत तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारणी चालू असते, वीटभट्ट्या पेटलेल्या असतात आणि वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या जातात. त्यामुळे मळ्यातल्या घरी फवारणीच्या आठवड्यातले दहिवर टाकीत घेऊच नये.

दुसरी गोष्ट अशी की पावसाचा जोर पत्रा धुऊन काढतो, दहिवर तसे धूत नाही. ते पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा अलगद विरघळवून खाली आणते. हे पाणी क्षारविरहित असल्यामुळे धातू खाते. जस्ती पत्र्यावर ते रात्रभर बसून राहिले की थोडे जस्त त्यात उतरते. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅमपर्यंत जस्त स्वीकारार्ह आहे, तेव्हा भीतीचे कारण नाही, पण तपासणी एकदा करावी. पत्रा रंगवणार असाल तर शिसे असलेला रंग नको, आणि रंग पूर्ण सुकून एक-दोन पाऊस वाहून जाईपर्यंत ते पाणी साठवू नका.

पन्हाळ आणि टाकी यांच्यामध्ये तळाला बूच असलेला उभा पाइप ठेवा, म्हणजे पहिले घाण पाणी त्यात अडकते आणि नंतरचे टाकीत जाते. टाकीत उजेड शिरू देऊ नका, हवेच्या नळीला डासांची जाळी बसवा. पिण्याआधी पाणी उकळा किंवा मात्रेप्रमाणे क्लोरीनचे द्रावण घाला. आरोग्य उपकेंद्रात एच-टू-एस चाचणीची (पाण्यात विष्ठेतील जंतू आहेत का हे दाखवणारी) बाटली मिळाली तर तीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवा. पाणी काळे पडले तर ते पिऊ नका.

माळमाथा

सर्वांचा आभारी आहे. मिस्त्रींशी आज बोललो. स्लॅबचा बेत आतल्या दोन खोल्यांपुरता ठेवला असून पडवी आणि स्वयंपाकघरापुढचा भाग रंगवलेल्या पत्र्याचा, एकाच बाजूला उतार असलेला करायचे ठरले आहे. तीस अंशांचा उतार ऐकून मिस्त्री म्हणाले की वादळात पत्रा उडेल. शेवटी वीस अंशांवर आणि जास्तीच्या हुकांवर तडजोड झाली. तीन हजार लिटरची टाकी जोत्याच्या सावलीच्या बाजूला, ओट्याखाली येईल. बूच लावलेला उभा पाइप त्यांना पहिल्यांदा कळेना, म्हणून जमिनीवर खडूने काढून दाखवला.

एक चौरस मीटरचा पांढरा पत्रा, खाली थर्माकोल, असा तुकडा मी गोठ्याशेजारी बाजेवर ठेवला आहे आणि त्याच्या बाजूला तेवढाच न रंगवलेला. आज पहाटे दोन्ही वायपरने निपटले. पांढऱ्याचे पाणी स्टीलच्या पेल्यात बोटभर आले, दुसऱ्याचे त्याच्या निम्म्याहून कमी. मोजपात्र उद्या धुळ्याहून आणणार आहे. तोवर सरांना एवढेच विचारायचे आहे की आकाश ढगाळ असेल त्या रात्रींची नोंद शून्य म्हणून ठेवायची की ती रात्र हिशेबातूनच वगळायची?

तापीकाठ

शून्य लिहायचे. वगळलेल्या रात्रींमुळेच सरासरी खोटी होते. आणि वायपर दोन्ही पत्र्यांवर सारख्याच वेळा फिरवा.